बेटकुळीवाले सर

आमचे घरमालक दारातून कधी सरळ आत आले नाहीत. आडवे येत. आधी एक खांदा, मग छाती, मग दुसरा खांदा. दार चांगलं रुंद होतं. माझी लोखंडी कॉट त्यातून उभी-आडवी कशीही आत गेली होती. पण आपण दारात मावत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि ती ते रोज उठून दाराला पटवून देत.

मोताळ्यात सगळे त्यांना ‘सर’ म्हणत. शिकवण्याशी त्यांचा संबंध नव्हता. बारावीशी त्यांची ओळख झाली होती, मैत्री जमली नव्हती. मलकापूर रोडला लागून त्यांचं दुमजली घर होतं. खाली जिम, मागे ते, त्यांची आई आणि बायको, आणि वरच्या खोलीत मी. बँकेच्या बदलीने मी नाशिककडून इथे आलो होतो. खोली पाहायला गेलो तेव्हा सरांनी माझा दंड दोन बोटांत धरून दाबला, बाजारात वांगं दाबून पाहतात तसा.

“साहेब, हे काय हो?”

“हात आहे.”

“हात हाय? मले वाटलं छत्रीची काडी हाय. लग्न झालं काय?”

“नाही.”

“कसं होईन!” असं म्हणून त्यांनी आपली बाही वर सरकवली आणि बेटकुळी काढून दाखवली. “याले म्हनतात बायोडाटा.”

ही बेटकुळी ते कुठेही काढत. नमस्काराऐवजी काढत, बोलताना मुद्दा संपला की काढत. एकदा आमच्याच बँकेत त्यांची सही जुळेना. काउंटरवरच्या बाईंनी पुन्हा सही करायला सांगितलं तर त्यांनी बाही गुंडाळली आणि म्हणाले, “सही बदलन बाई, हे बदलन काय?” रांगेतल्या लोकांनी मान डोलावली. बाईंनी पैसे दिले.

दोन्ही काखांत एकेक टरबूज धरल्यासारखे ते चालत. पाठ खाजवायला हात पोचत नसे, म्हणून अंगणातल्या खांबाला पाठ घासत. सकाळी उकडलेल्या अंड्यांची पाटी समोर यायची. पांढरं सर खात, पिवळं कुत्रा. मोताळा तालुक्यात एवढा जाड कुत्रा दुसरा नव्हता. भुंकायलाही तो बसूनच भुंके. चौकात कोणत्याही पुढाऱ्याचा वाढदिवस असो, फ्लेक्सवर खाली कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून सर उघडे उभे असत. पुढारी कपड्यात आणि सर चड्डीवर. नवा माणूस फ्लेक्स पाहून वाढदिवस नेमका कोणाचा ते विचारत असे.

सरांचा मोठा मान होता तो मात्र दुसऱ्याच कारणासाठी. रविवारी सकाळी नवीन लग्न झालेली पोरं चोरून त्यांच्याकडे येत. सर त्यांना आरशासमोर उभं करत, खांद्यावर हात ठेवत आणि गंभीर होत.

“पाह्य बे, बीज दणकट पाह्यजे. बीज पातळ त पीक पातळ. घरात पाळना हालायचा असन त आधी छाती हालली पाह्यजे.”

मग डब्यातली कसली तरी पावडर पुडीत बांधून देत. पोरं ती पुडी प्रसादासारखी खिशात घालून जात.

आता यात एक अडचण होती. सरांच्या स्वतःच्या लग्नाला सात-आठ वर्षं झाली होती आणि त्यांच्या घरात मूल नव्हतं. पण ही अडचण सगळ्या गावात फक्त मला दिसत होती, आणि मी बाहेरचा होतो. गावाचं गणित स्वच्छ होतं. बीज दणकट आहे, ते टी-शर्टात मावत नाही हे रोज दिसतंच आहे. मग खोट जमिनीत. सरांच्या आई, ज्यांना मी आजी म्हणे, दुपारी ओट्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला थांबवत.

“माह्या लेकाकडं पाह्य माय, अन् तूच सांग, खोट कोनात असन!”

बाई जिमच्या काचेतून सरांकडे पाही. सर नेमके तेव्हा काहीतरी उचलत असत. बाई म्हणे, “खरं हाय जी.”

आत स्वयंपाकघरात वहिनी हे सगळं ऐकत असत. त्या धाड गावाकडच्या. अंगाने बारीक, बोलणं त्याहून बारीक. त्यांची तपासणी करायचं एकही यंत्र जिल्ह्यात शिल्लक नव्हतं. रक्त झालं. सोनोग्राफ्या झाल्या. नळ्या उघड्या आहेत का पाहायला आतून औषध सोडून एक्स-रे काढला, तेव्हा त्यांनी पदर तोंडात कोंबून घेतला होता. मग भूल देऊन पोटाला भोक पाडून दुर्बीण घातली. थायरॉईडमध्ये थोडा बिघाड निघाला. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली आणि पाळी वेळेवर यायला लागली. नळ्या मोकळ्या, पिशवी चांगली, स्त्रीबीजही वेळेवर तयार होत होतं. प्रत्येक वेळी सर सोबत जात. आत जात नसत. बाहेर दवाखान्याच्या वॉचमनला छातीचे व्यायाम शिकवत.

शेवटी बुलडाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत बोलावलं. हा प्रसंग सरांनी मला संतापून सांगितला, आणि नंतर वहिनींनी तोच हसू दाबून सांगितला.

“आता तुमची तपासणी करू,” बाई म्हणाल्या.

“माही? काऊन?” सरांनी बाही वर केली. “हे पाहा.”

“ते मला दिसतंय. मला जे बघायचंय ते दंडात नसतं.”

मग बाईंनी समजावून सांगितलं. मूल न होण्याचं कारण कधी बाईत असतं, कधी पुरुषात, कधी दोघांत, कधी शोधूनही सापडत नाही. पुरुषाला लहानपणी गालफुगी होऊन गेलेली असते, अंडकोशाच्या नसा फुगलेल्या असतात, साखर असते, तंबाखू असते. चालण्या-बोलण्यावरून ते कळत नाही. तपासणी साधी आहे, भूल नाही, टाके नाहीत, दुखत तर मुळीच नाही. “खरं म्हणजे यांना एवढं सोसायला लावायच्या आधी तुमची व्हायला हवी होती,” असंही त्या म्हणाल्या.

सर खुर्चीतून उठले ते थेट घरी आले.

“डॉक्टरीनबाई बराबर नाही,” त्यांनी मला सांगितलं. “तिले मानसाची पारखच नाही.”

त्यानंतर आजींनी आपला उपाय काढला. नात्यातली एक मुलगी होती, घरची परिस्थिती बेताची, वय उलटत चाललेलं. तिच्या बापाला निरोप गेला आणि एका संध्याकाळी तो येऊन ओट्यावर बसला. वहिनींना घरातच ठेवायचं आणि दुसरीलाही आणायचं, असं ठरत होतं. सर एका हाताने दुसरा दंड चाचपत उभे होते. मी जिन्यात चपला घालत होतो.

वहिनी चहा घेऊन आल्या. कप ठेवले आणि आत न जाता तिथेच उभ्या राहिल्या.

“आना दुसरी,” त्या म्हणाल्या. “माही ना नाही. पन आनाच्या आधी यायले तपासा. नाही त त्या पोरीलेही माह्यासारखंच टेबलावर झोपा लागन, अन् तिच्या पोटालेही भोकं पाडतीन.”

ओट्यावर कोणीच चहा उचलेना. पाहुण्याने एकदा सरांकडे पाहिलं, एकदा वहिनींकडे, आणि एसटीची वेळ झाली असं म्हणून तो उठला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी अंडी उकडली नाहीत. भांडण नाही, रडणं नाही. बाकी सगळं जेवण वेळेवर, फक्त अंडी बंद. सरांनी स्वतः प्रयत्न केला. अर्धी फुटली, अर्धी कच्ची राहिली, आणि सोलताना टरफलाबरोबर पांढरंही गेलं. कुत्रा रिकाम्या पाटीसमोर बसून भुंकायला लागला. हे दोन-चार दिवस चाललं. मग सर माझ्या खोलीत आले.

“साहेब, उद्या सुट्टी हाय ना? खामगावले जाऊन येऊ. तिथं आपल्याले कोनी वयखत नाही.”

सरांनी दुपट्ट्याने सगळा चेहरा बांधून घेतला होता, फक्त डोळे उघडे. पण त्यांना चेहऱ्याने ओळखत होतं कोण? नांदुऱ्याला गाडी बदलली तेव्हा चहावाला लांबूनच म्हणाला, “नमस्कार सर!”

खामगावच्या लॅबच्या काउंटरवर आमच्या आधीच दैव येऊन बसलं होतं. तिथला माणूस सरांच्या जिममधला जुना विद्यार्थी निघाला.

“सर! तुमी? इथं?” तो उठून उभा राहिला. बाकावरचे सगळे पेशंट आमच्याकडे पाहायला लागले.

सरांचा दुपट्टा हलला. मग त्यांचा तो जाडजूड हात माझ्या खांद्यावर पडला.

“यायले आनलं,” ते म्हणाले. “आपले किरायेदार हायेत.”

तो हात एवढा जड होता की माझी मान आपोआप खाली गेली. काउंटरवरच्याने तो होकार समजून माझं नाव लिहून घेतलं, मला एक डबी दिली आणि दया आल्यासारखा हसला. खोली बोळाच्या शेवटी होती. वळणापलीकडे गेल्यावर मी डबी सरांच्या हातात दिली आणि दाराबाहेर उभा राहिलो.

बराच वेळ झाला. मग आतून धाप, धाप असा आवाज यायला लागला. मी दारावर टकटक केलं.

“सर, काय झालं?”

“काही नाही साहेब,” आतून दम लागलेला आवाज आला. “मूड बनून नाही राह्यला. जोर मारून राह्यलो.”

त्यानंतरही पुष्कळ वेळाने डबी बाहेर आली. ती काउंटरवर नेऊन द्यायचं काम अर्थातच माझं होतं.

दुपारी आम्ही परत गेलो तेव्हा बाकावर सकाळपेक्षा जास्त माणसं होती. काउंटरवरचा माझ्याकडे वाकला. हळू बोलायचा त्याने प्रयत्न केला, पण तो जिममधला असल्यामुळे त्याचा हळू आवाजही रस्त्यावर जाई.

“साहेब, निल हाय. शून्य. एकबी नाही.”

बाकावरच्या बायकांनी चुकचुक केली. मी सरांकडे पाहिलं. दुपट्ट्याच्या वर जेवढं कपाळ दिसत होतं तेवढ्याला घाम फुटला होता.

“मशीन बराबर हाय काय तुही?” सर म्हणाले.

“दोनदा पाह्यलं सर. पन तुमी काऊन घाबरता? डॉक्टरले दाखवतीन ते.”

परतीच्या एसटीत सर दारातून सरळ चढले. खिडकीशी बसले. नांदुरा गेल्यावर म्हणाले, “दुर्बीन लहान असन त्याची.” 

माझं शून्य मात्र आमच्या आधी मोताळ्यात पोचलं होतं. सोमवारी बँकेत लोक माझ्याशी हळुवारपणे बोलायला लागले. मुलींच्या नावाने पैसे ठेवायची योजना मी समजावून सांगत असलो की समोरची बाई खाली बघे. एका शेतकऱ्याने मला कसलं तरी मूळ आणून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. शिपायाने माझ्या चहात परस्पर दूध वाढवलं. सर रोज संध्याकाळी वर येत आणि म्हणत, “साहेब, तुमचं नाव मी साफ करतो. जरा थांबा.” मी थांबलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. खरं सांगायला गेलो असतो तर त्या दंडापुढे माझ्यावर विश्वास ठेवला असता कोणी?

मोठ्या दुर्बिणीच्या शोधात आम्ही अकोल्याला गेलो. तिथले डॉक्टर याच विषयातले तज्ज्ञ होते आणि इतके किडकिडीत होते की त्यांचा कोट खुंटीला अडकवल्यासारखा वाटे. त्यांना पाहूनच सरांचा अर्धा विश्वास उडाला. पण इथे स्वतःचं नाव सांगण्यावाचून इलाज नव्हता. तपासणी पुन्हा झाली. पुन्हा शून्य. डॉक्टरांनी गालफुगीचं विचारलं, तापाचं विचारलं, फवारणी करता का विचारलं. मग सरांना पडद्याआड नेऊन तपासलं आणि हात धुता धुता म्हणाले, “इंजेक्शनं कधीपासून घेता?”

सरांनी बाही खाली ओढली. मग हळूच म्हणाले, “ताकदीची हायेत ते. लग्नाच्याही आधीपासून.”

मला माहीत नव्हतं. वहिनींनाही माहीत नव्हतं. त्या बेटकुळीच्या मागे एवढी वर्षं सुई होती.

“असं समजा,” डॉक्टर म्हणाले, “घरात भाकरी करणारं माणूस आहे. तुम्ही रोज बाहेरून डबा मागवायला लागलात. किती दिवस ते चूल पेटवत बसेल? तुम्ही पुरुषाचं हार्मोन बाहेरून टोचत राहिलात, मेंदूला वाटलं भरपूर आहे, त्याने आतला कारखाना बंद करून टाकला. तिथेच शुक्राणू तयार होतात. तुमचं सगळं अंग वाढलं आणि जे वाढायला नको पण निदान राहायला हवं होतं, ते आक्रसलं.”

“मंग आता?”

“डबा बंद. मी औषधं देतो. चूल पेटायला काही महिने लागतील, कदाचित वर्षाच्या वर. बहुतेकांची पेटते, एखाद्याची नाही पेटत. आत्ताच शब्द देता येणार नाही.”

सरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. त्यांनी त्या हातांकडे पाहिलं.

“अन् बॉडी?”

“उतरेल.”

त्या रात्रीचं जेवण झाल्यावर सरांनी वहिनींना सगळं सांगितलं. काय बोलणं झालं मला माहीत नाही. सकाळी पाटीत अंडी होती, पण त्यातलं पिवळंही सरांच्याच ताटात होतं.

पुढचं वर्ष मी जिन्यातून पाहिलं. सर उतरत गेले. आधी खांदे गेले, मग मान दिसायला लागली, मग छाती खाली सरकून पोटाच्या बाजूला निघाली. टी-शर्ट, जे अंगाला चिकटून असत, ते वाऱ्यावर हलायला लागले. माणूस चिडचिडा झाला, दुपारी झोपायला लागला. एकदा टीव्हीवर कोणाच्या तरी मुलीची पाठवणी चालली होती तर हुंदके देऊन रडला. डॉक्टरांनी हेही सांगून ठेवलं होतं. बाहेरचा डबा बंद झाला आणि चूल अजून पेटायची असली की असं होतं. गाव मात्र आपल्या परीने निदान करत होतं. कोणी म्हणे साखर झाली, कोणी म्हणे आत काहीतरी मोठं आहे, घरचे सांगत नाहीत. पोरं नव्या जिममध्ये जायला लागली. चौकातल्या फ्लेक्सवर सर जुन्या फोटोत तसेच उघडे उभे होते आणि त्याच्याखाली उभ्या असलेल्या खऱ्या सरांना एका पोराने विचारलं, “काका, हे सर कुठं राह्यतात?”

त्या संध्याकाळी सर बंद जिममध्ये एकटे बसले होते. समोर एक बाटली आणि सुई. मी किल्ली मागायला गेलो आणि दारातच थांबलो, कारण माझ्या आधी वहिनी तिथे पोचल्या होत्या. त्यांनी ओरडून काही म्हटलं नाही. बाजूच्या बाकावर बसल्या.

“लय खराब दिसून राह्यलो काय मी?” सरांनी विचारलं.

“हाव,” वहिनी म्हणाल्या. “पन आता घरात मावून राह्यले तुमी.”

सर हसले. बाटली त्यांनी मोरीत रिकामी केली.

पुढच्या पावसाळ्याच्या आसपास अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की चूल पेटली आहे; मंद आहे, पण पेटली आहे. आणखी काही महिन्यांनी वहिनींना दिवस गेले.

आता खरी अडचण गावाची झाली. सर तालुक्यातला सर्वांत दणकट माणूस होते तोवर त्यांच्या पौरुषाबद्दल कोणाला शंका नव्हती, आणि मूलही नव्हतं. आता सर तुमच्या-माझ्यासारखे दिसायला लागले आणि बायको गरोदर. हे गणित गावाला सुटेना. पानठेल्यावर हळूच वरच्या मजल्याकडे बोट दाखवलं गेलं. पण तिथेही अडचण होती. “अबे, तो त शून्य हाय,” कोणीतरी म्हणालं आणि विषय थांबला. म्हणजे खामगावच्या त्या शून्याने माझी अब्रू घालवली होती आणि त्याच शून्याने ती वाचवलीही होती. वहिनींचीसुद्धा.

मुलगी झाली. बारशाला अख्खं गाव येऊन जेवून गेलं. बाळ कोणासारखं आहे हे पाहायला बायका जरा जास्तच वाकत होत्या.

त्याच सुमारास मला बुलडाण्याचं एक स्थळ आलं. मुलगी शाळेत विज्ञान शिकवायची. आम्ही दोनदा भेटलो, दोघांनाही पसंत होतं. तेवढ्यात तिच्या खामगावच्या काकांनी बातमी आणली आणि मध्यस्थाने येऊन सांगितलं की त्यांचा नकार आहे. कारण त्याने सांगितलं नाही, नुसता माझा हात धरला.  जाताना वहिनींना मात्र तो कारण सांगून गेला.

रात्री खालून आवाज आला. जिना लाकडी होता, सगळं ऐकू येई.

“जाऊन सांगा त्यायले,” वहिनी म्हणत होत्या.

“सांगाले काय लागते? पन मंग लोक काय म्हनतीन, मालूम हाय ना? शून्य याचं नव्हतं म्हनलं, की मंग लेकरू कोनाचं म्हनतीन. तुह्यावर येईन ते.”

 बाळ कुरकुरलं, थांबलं.

“लोकायनं मले इतके वर्सं वांझ म्हनलं,” वहिनी म्हणाल्या. “तवा तुमी गप्प राह्यले. आता मले काई म्हनू द्या. पन तुमी गप्प नका राहू.”

रविवारी आम्ही बुलडाण्याला गेलो. सर, वहिनी, त्यांच्या मांडीवर बाळ आणि मी. मुलीच्या वडिलांनी बसायला सांगितलं, पोहे आले. ते खामगावचे काकाही होते. सरांनी बशी बाजूला ठेवली आणि जिममध्ये पोरांना सांगत त्याच आवाजात सुरुवात केली.

“ते शून्य माह्यं होतं. नाव यायचं होतं, माल माहा होता.”

मुलीची आत्या पोह्यांवर खोबरं घालत होती. तिने खोबरं तिथेच टाकलं आणि आत गेली. सर थांबले नाहीत. इंजेक्शनं कधी सुरू केली, कुठे टोचत, मेंदूला काय वाटलं, कारखाना कसा बंद पडला, काय आक्रसलं, किती आक्रसलं, सगळं सांगितलं. त्या बोळाच्या शेवटच्या खोलीत जोर मारले तेही सांगितलं. मुलीच्या वडिलांचा घास घशात अडकून राहिला.

“मंग आता तुमाले…” त्यांनी अखेर विचारलं.

“पोरगी झाली. हे काय, बसली हाय.”

काका खोकले. खोकून त्यांनी बाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलायचं ते त्या खोकल्यात सगळं होतं. वहिनींनी मान खाली घातली नाही. त्या काकांकडे बघत राहिल्या.

पूर्वीचे सर असते तर काका खुर्चीसकट उचलले गेले असते. आताचे सर त्यांच्याकडे वळले आणि आपुलकीने म्हणाले, “काका, खोकला जुना हाय काय? डॉक्टरले दाखवा. लाजू नका. मी दाखवलं, मले लय फरक पडला.”

कोणीतरी हसलं. दारात ती मुलगी उभी होती. तिने हसू आवरलं आणि तिथूनच विचारलं, “म्हणजे यांची स्वतःची तपासणी अजून झालेलीच नाही?”

सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

“नाही,” मी म्हणालो.

“करून या. मीही करून घेते. आमच्या घरात थायरॉईड आहे.”

तिच्या आईने कपाळावर हात मारला. वडिलांनी मात्र पहिल्यांदा घास गिळला. दोन महिन्यांनी आमचं लग्न झालं. काका आले होते, जेवले, खोकले नाहीत.

मग माझी बदली झाली. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मोताळ्याला जाऊन आलो. जिम चालू आहे, पोरं कमी आहेत. नवा पोरगा आला की सर त्याला आधी सुईचं विचारतात. घेतो म्हणाला तर जिमच्या दारातच उभं करून आपली सगळी हकीकत सांगतात, आणि निम्मे तिथूनच परत जातात, कारण पातळ माणसाकडून शिकायचं कोणाला असतं? पुड्या बंद झाल्या आहेत. ओट्यावर आजी अजून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की त्यांच्या लेकात खोट कधी नव्हतीच, सुया खराब होत्या.

आम्हीही ओट्यावर बसलो होतो. सरांची मुलगी त्यांच्या पोटावर चढून खाली घसरत होती. आजींनी विषय काढला.

“आता दुसऱ्याचं पाह्य. सुनेले घेऊन जाय डॉक्टरकडे.”

वहिनी मेथी निवडत होत्या. “आधी यायचं झालं,” त्या म्हणाल्या. “मांगच्या सोमवारी.”

“हाव साहेब,” सर मला म्हणाले. “जाऊन आलो. आता शून्य नाही.” आवाज त्यांनी जराही खाली आणला नाही. रस्त्याने जाणारी दोन माणसं थांबली. सरांनी त्यांनाही सांगितलं.